गार कार्डाचा खुलासा

सरकारी खरेदीत एखादी वस्तू नुसती चांगली असून भागत नाही. ती दुसऱ्या वस्तूपेक्षा चांगली असावी लागते, आणि तसं कागदावर दिसावं लागतं. म्हणून जिल्ह्याच्या गावठाण नकाशा कक्षात ऐन मे महिन्यात दोन ग्राफिक्स कार्डं चाचणीसाठी दाखल झाली. ड्रोननं काढलेले घरांचे हजारो फोटो जोडून त्यांचा नकाशा करायचा, हे काम संगणकातलं हे कार्ड करतं. एक कार्ड अगदी नवं होतं, दुसरं चार पिढ्या जुनं. दोन सारख्या संगणकांत ती बसवली गेली आणि पक्षपात नको म्हणून त्यांना 'अ' आणि 'ब' अशी नावं दिली गेली.

तुलनेची जबाबदारी सुरभी वाघाडेवर आली. बोरगाव मेघेहून स्कूटीवर येणारी ही पोरगी अकरा महिन्यांच्या करारावरची ऑपरेटर होती. करार जूनमध्ये संपत होता. तो वाढला तरच धाकट्या भावाचं नर्सिंगचं शिक्षण पुढे सरकणार होतं, त्यामुळे कार्डापेक्षा जास्त चाचणी आपलीच चालू आहे हे तिला ठाऊक होतं.

तिनं नालवाडी गावाचे फोटो दोन्ही कार्डांना दिले. अ कार्डानं सकाळचा चहा यायच्या आत नकाशा करून दिला. ब कार्डाचं काम चालू असताना डबे उघडले, डबे धुतले, दोन टेबलांवर डुलक्या झाल्या, आणि कार्यालय सुटायच्या बेतात त्याचाही नकाशा आला. दोन्ही नकाशे हुबेहूब सारखे. सुरभीनं अहवाल लिहिला: अ घ्यावं.

कक्षप्रमुख किसनराव झोटिंग यांना हा अहवाल उर्मट वाटला. दोन शब्दांत निष्कर्ष निघू लागले तर समित्यांनी कुठं जायचं? शिवाय कामगिरी मोजायची रीत कार्यालयात आधीपासून होतीच. कर्मचाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन उपस्थिती, परिश्रम आणि निष्ठा या निकषांवर व्हायचं. तेच निकष कार्डांनाही लावावेत, यंत्रांना वेगळा न्याय दिला तर माणसांवर अन्याय होईल, असं साहेबांनी टिपणीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्डांना पुढच्या गावाचे फोटो दिले होते, आणि बाराच्या सुमारास साहेब पाहणीला आले. अ कार्डाचे पंखे थांबलेले होते. साहेबांनी त्या संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवला. बाहेर डांबर वितळत असताना पेटी गार होती.

"हे काऊन बसून आहे?"

"काम झालं, सर."

"काम झालं म्हणजे? ऑफिस सुटलं का?"

मग साहेब ब कार्डाकडे वळले. त्याचे पंखे व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होते आणि पेटीला हात लावून ठेवणं अवघड होतं. बिचारं सकाळपासून राबून राह्यलं, असं साहेब हळहळले आणि त्यांनी खोलीतला एकमेव कूलर त्याच्याकडे फिरवायला सांगितला. सुरभी ओढणीनं वारा घेत बसली. दोन दिवसांनी ब कार्ड भर दुपारी बंद पडलं, तेव्हा 'अतिश्रमामुळे अर्धा दिवस रजा' अशी नोंद झाली. संध्याकाळी घरी जाताना लोक त्याची विचारपूस करून गेले.

अ कार्डावर मात्र 'कार्यालयीन वेळेत निष्क्रिय आढळले' म्हणून कारणे दाखवा नोटीस निघाली. कार्डाला सही करता येत नसल्यानं ती सुरभीनं स्वीकारली. काम लवकर संपतं म्हणून कार्ड थांबतं, असा खुलासा तिनं सरळपणे दिला. त्यावर शेरा आला: 'खुलासा असमाधानकारक. कार्डाने वेगाची कबुली दिली आहे.'

शिक्षा म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या प्रलंबित गावांचा अतिरिक्त कार्यभार अ कार्डावर टाकण्यात आला. सुरभी मनातून खूश झाली. आता तरी याची कुवत दिसेल, आणि त्याबरोबर आपलीही, असं तिला वाटलं. आठवडा संपायच्या आत सगळे नकाशे तयार झाले. 'प्रलंबित: शून्य' असा कागद तिनं मोठ्या दिमाखात साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि उठून दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. आवाजात खरोखरची काळजी होती.

"पोरी, या कक्षाले दरवर्षी मुदतवाढ कायच्या भरोशावर भेटते? काम बाकी आहे म्हणून. आता तुह्या करारावर मी कोणतं कारण लिहू, तूच सांग."

सुरभीला अ कार्डाचा पहिल्यांदाच राग आला, आणि तो राग आपल्यालाच येऊन चिकटतोय हेही कळलं. तरी तिनं एक उपाय सुचवला. नकाशे लोकांना देऊन टाकू, लोक खूश होतील, त्यांचे अभिप्राय वर पाठवू, मग मुदतवाढ कोण नाकारेल? साहेबांनी नाराजीनंच होकार दिला.

पहिले आले नालवाडीचे नत्थूजी. घराच्या नकाशासाठी ते तीन वर्षं येत होते. सुरभीनं हसतमुखानं कागद हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, आणि किती वेळ लागला म्हणून विचारलं. दहाएक मिनिटं, असं सुरभी अभिमानानं म्हणाली. नत्थूजींचा चेहरा उतरला.

"तीन वर्षं मी चकरा मारून राह्यलो, अन् माह्यं घर दहा मिनिटांत होते? उरकून टाकलं मॅडम तुम्ही मले." त्यांनी ब कार्डाकडे बोट केलं. "तो मेहनत करून राह्यला ना, त्याच्याकडून करून द्या."

तिनं खूप समजावलं. नत्थूजी बाकावरून हलले नाहीत. दिवस कलताना ब कार्डानं तोच नकाशा दिला, तसाच्या तसा. नत्थूजींनी तो कपाळाला लावला, तापलेल्या पेटीला हात जोडले आणि समाधानानं गेले. दुसऱ्या दिवशी नालवाडीची आणखी माणसं आली. त्यांच्या हातात अ कार्डाचे नकाशे होते, आणि ते बदलून मिळावेत असे अर्ज.

सुरभीनं जुना अहवाल फाडला आणि अकरा पानांचा नवा लिहिला. ब कार्डाची परिश्रमासाठी शिफारस केली. अ कार्डही खरेदी करावं, कारण तुलना कायम चालू ठेवणं गरजेचं आहे, असं सुचवलं. दोन्ही कार्डं घेतली गेली आणि तिचा करार वाढला. मूल्यमापनात तिच्या नावापुढे 'अत्यंत कष्टाळू' असा शेरा आहे. काम ती आजही सकाळीच संपवते; दारात कुणी दिसलं की कीबोर्ड बडवते आणि कोरडं कपाळ पुसते.

तेव्हा तुमचा अर्ज तिथं पडून असेल तर चिंता करू नका. तुमचा नकाशा अर्ज दिला त्याच दिवशी झाला आहे आणि सुरभीच्या ड्रॉवरमध्ये नीट ठेवलेला आहे. तो ती तुम्हाला आजही देऊ शकते, पण देणार नाही. तुम्ही नत्थूजींना हसलात खरे, पण मिक्सर दोन मिनिटांत दुरुस्त करणाऱ्याला 'एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?' म्हणून तुम्हीच विचारलं होतं.