शेततळ्यातला लाल डाग

"अख्ख्या चिखली तालुक्यात गुन्ह्याचा वास घेणारं नाक एकच, अन् ते सध्या तुमच्यापुढं शिंकून राह्यलं," असं म्हणत वामनराव उंद्रीच्या नजीरच्या शेतात दाखल झाले. बियाण्याच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून त्यांनी गुप्तहेरपदी स्वतःची बिनविरोध निवड करून घेतली होती. मागून भिंग, डायरी आणि रिकामी बाटली घेऊन त्यांचा मेहुणा कचरू येत होता. वामनरावांना बहीण दिली तेव्हा सोबत आपणही दिले गेलो, असं त्याला अधूनमधून वाटायचं.

प्रकरण मात्र गंभीर होतं. बोंडअळीनं कपाशी खाल्ल्यावर नजीरनं शेततळ्यात मरळ मासे सोडले होते. आता पाण्यावर लाल डाग तरंगत होता, आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. विष असेल तर आजच तळं उपसायचं, म्हणून इंजिन काठावर आणून ठेवलं होतं.

वामनरावांनी भिंग धरलं. "मासे गुदमरून राह्यले. अन् लाल म्हणजे बीटी सरकीले लावलेली दवाई. जिंदगीभर इकली मी, रंग वळखतो. कोनं तरी उरलेलं बियाणं इथं धुतलं. कचरू, लिहून घे."

"भाऊजी, डाग मघा इंजिनापाशी होता. आता इकडं आला."

"वाऱ्यानं."

"वारा उलटा आहे."

"मंग उलट्या वाऱ्यानं. लिही."

नमुना घ्यायला त्यांनी बाटली डागात बुडवली. पाण्यातून काहीतरी काळं उसळलं आणि त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेऊन गेलं.

"विषानं येडे झाले," अंगठा तोंडात धरून वामनरावांनी निकाल दिला. "नजीर, इंजिन लाव."

नजीरनं हँडल उचललं, पण फिरवेना. गेले सहा महिने तो माणसांपेक्षा या माशांशीच जास्त बोलला होता.

लिंबाखाली दोन महिन्यांच्या लेकीला थोपटत त्याची बायको समीना बसली होती. "काका, बाटली दाखवा जरा." तिनं ती उजेडात धरली. "तुमच्या दवाईले डोये हायेत."

वामनराव वाकले. दवाईला शेपट्याही होत्या.

"मरळीची पिल्लं हायेत हे. लहानपणी लालच असतात, घोळक्यानं फिरतात. माह्या माहेरी पैनगंगेत लय पाह्यली."

"अन् मासे गुदमरून राह्यले ते?"

"मरळ वरचीच हवा घेते, काका."

"अन् माहा अंगठा?"

"माह्या पोरीवर कोनं बाटली आणली असती, तर मीबी चावली असती."

कचरूनं बाटली हळूच तळ्यात रिकामी केली. लाल डाग पुन्हा एक झाला. त्याच्याखाली एक काळी सावली येऊन थांबली.

"आईची माया," वामनराव गहिवरून म्हणाले.

"मरळीत राखणीले जास्ती बापच असते, काका. धड खात नाही, पिल्लांखालून हालत नाही."

एवढं बोलून समीनानं लेक नजीरच्या हातात दिली, ओढणीची घडी उशाला घेतली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा भरदिवसा झोपून गेली.

"लिही, कचरू," वामनराव खड्या आवाजात सांगू लागले, "आरोपी..."

नजीरनं लेकीला खांद्याशी धरून त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

वामनरावांनी न सांगता दुसरा अंगठा खिशात घातला.