बाबांच्या नाकाने निवडलेलं खत

टोमॅटोला कुठलं खत घालायचं, एवढाच प्रश्न होता. मी एकट्याने जाऊन पोतं आणलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाबांच्या नाकाखालून गेल्याशिवाय आमच्या घरात एकही वस्तू उंबरठा ओलांडत नाही. (मीही नाही. माझ्याबाबतीत ते नाक मुरडून केव्हाच मोकळे झालेत.)

कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलं ते विचारू नका. विचारणाऱ्या नातेवाइकांची आधीच रांग आहे, तिच्या शेवटी उभे राहा. त्यानंतर घरमालकांच्या मोकळ्या गच्चीवर मी भाज्या लावल्या. बाबांनी लगेच अट घातली, "गच्चीची किल्ली हातात आहे तोवर काय ती माती कालव. किल्ली गेली, की काकाच्या ऑफिसात."

काकाच्या ऑफिसात मी एकदा जाऊन आलोय. तिथे मोठमोठी माणसं कागदांना टाचण्या टोचतात, चहाची वाट बघतात आणि चहा झाला की त्याच टाचण्या काढतात. आणि घरमालक रविवारी येऊन किल्लीचं ठरवणार होते. म्हणजे बघा, टोमॅटोच्या मुळाशी माझं उभं आयुष्य होतं.

तर नर्सरीत आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. नर्सरीवाला म्हणाला, "सोपं आहे. मुरलेल्या खताला ओल्या मातीचा वास येतो. घाण मारत असेल तर कच्चं समजायचं. कच्चं घातलंत की मुळं जळाली."

"वास ना?" बाबा बाह्या सरसावत पुढे झाले. "बाजूला व्हा."

आता घरातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बाबांना ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी हे पेपर वाचत बसतात. तरीही साबण हुंगणार, भाजी हुंगणार, पावडर हुंगणार आणि वर "वा!" म्हणणार. हे त्यांना सांगायचं नाही असा आईचा हुकूम आहे. का, तर त्यांना वाईट वाटेल! लहानपणी खरं बोललो नाही म्हणून मला कोपऱ्यात उभं करणारी हीच माणसं. आता सगळी मिळून एका नाकाची अब्रू सांभाळत बसलीत.

बाबांनी गांडूळखताच्या पोत्यात तोंड घातलं, डोळे मिटले, एक डोळा किलकिला करून आईकडे पाहिलं. आईच्या गालावर नेमका डास बसला होता आणि तिचं तोंड वाकडं झालं होतं.

"हे नको," बाबा म्हणाले. "कच्चं आहे."

"साहेब, काळंभोर मुरलंय हो!" नर्सरीवाला कळवळला.

दुसरं शेणखत. आईच्या डोळ्यांवर ऊन आलं. "हेही नको."

तिसरं पोतं कोंबडखताचं. त्याची सुतळी सोडताच नर्सरीवाल्याचा कुत्रा उठून समोरच्या फुटपाथवर जाऊन बसला. बाबांनी मात्र पहाटेच्या हवेत घ्यावा तसा दीर्घ श्वास घेतला आणि आईकडे पाहिलं. आई पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी उभी होती.

"याला वासच नाही! हेच घ्या!"

मी तोंड उघडलं. आईने दंडाला असा चिमटा काढला की मी तोंड मिटून पोतं खांद्यावर घेतलं. पोतं एका कोपऱ्यात उसवलेलं होतं. (ते मला घरी पोचल्यावर कळलं. माझ्या कॉलरला आधीच कळलं होतं.)

गच्चीवर भिजेल म्हणून बाबांनी ते हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे ठेवायला लावलं. रोपांना घालायची माझी हिंमत होत नव्हती, म्हणून मी रोज उघड्या हातांनी थोडं काढायचो, मातीत कालवायचो, उन्हात पसरायचो आणि मुरलं का ते बघायचो. मुरत नव्हतं.

रविवारी घरमालक काठी टेकत आले. नेमके त्याच सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी आढ्याकडे पाहिलं, मग चपलांचे तळ तपासले.

"वहिनी, पाइप वगैरे फुटलाय का कुठे?"

"नाही हो," आई म्हणाली. पासपोर्ट फोटो.

"खिडकी जरा..."

"उघडीच आहे."

"ते जाऊ द्या, आमचं खत बघा!" असं म्हणून बाबांनी सोफ्यामागे हात घातला, मूठभर खत काढलं आणि थेट घरमालकांच्या मिशीखाली धरलं. "घ्या, मनसोक्त घ्या! काही येतोय वास?"

घरमालकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "उत्तम," ते कसेबसे म्हणाले.

हेही त्यातलेच! माझं डोकं सटकलं. डोळ्यांसमोर टाचण्या दिसत होत्या.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही! त्या तापापासून येत नाही! सगळ्यांना माहितीये आणि सगळे नाटक करतात!"

आईने कपाळावर हात मारला. बाबांनी मूठ शांतपणे पोत्यात रिकामी केली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "नाक माझंच आहे ना."

"अहो, मग हुंगता कशाला?" आई म्हणाली.

"हुंगतोय कोण? मी तुझ्या तोंडाकडे बघतो. तू तोंड वाकडं केलंस की ती वस्तू बाद. इतकी वर्षं असंच चाललंय."

"आणि मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून जीव मुठीत धरून तोंड सरळ ठेवते!"

"म्हणजे जे जे मी घरात आणलं..."

"ते सगळं!" आई म्हणाली. "तो निळा साबणसुद्धा!"

घरमालक रुमालात तोंड खुपसून हसत होते. हसून झाल्यावर म्हणाले, "पोतं वर कोपऱ्यात झाकून ठेव, पावसाळाभर मुरू दे. तोवर ते गांडूळखत आण. आणि गच्ची राहू दे तुझ्याकडे. निदान एक तरी खरं बोलणारा आहे या घरात."

मी फुगलो. पोतं वर टाकून आलो आणि हॉलच्या मधोमध उभं राहून भाषण ठोकलं, की या घरात आजपासून तोंडावर खरं बोलायचं, वाईट वाटलं तर वाटलं, खोटेपणा हीच तुमच्या पिढीची कीड आहे. बोलून घरमालकांच्या शेजारी बसलो. ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

"पोतं तर गेलं," मी म्हणालो. मला तर काहीच वास येत नव्हता. "अजून वास येतोय का?"

घरमालकांनी आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे.

"बोल ना आई! खरं बोल!"

"तुला वाईट वाटेल रे."

"अजिबात नाही!"

"पोतं आणलंस त्या दिवसापासून तुझाच येतोय. दोनदा आंघोळ केलीस तरी येतोय. काका परवा येऊन गेले ना, त्यांनी तर फोन करून सांगितलंय, मुलाला इतक्यात ऑफिसात पाठवू नका."

घरमालक उठले. गच्चीची त्यांच्याजवळची दुसरी किल्लीही त्यांनी टेबलावर ठेवली आणि काठीच्या टोकाने माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर आठवडाभर माझ्या शेजारी बसून जेवायला घरात एकच माणूस तयार होता: बाबा.