चूल असलेली बस, चाकं असलेलं घर

माणसाला राहायला घर लागतं आणि घराला राहायला कागद लागतो. कागद नसेल तर घर असून नसल्यासारखं, आणि कागद असेल तर घर नसलं तरी फारसं अडत नाही. (अशी नुसती कागदावरची घरं जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची घरपट्टी अगदी वेळेवर भरली जाते.) मुळशीच्या कोंडाजीला हे उशिरा कळलं. त्याचं सगळं आयुष्य शाळेत गेलं होतं खरं, पण फाटकापर्यंतच.

कोंडाजी पुण्यातल्या एका शाळेची बस चालवत असे. एकोणीसशे साठच्या दिवाळीत शाळेनं बस मोडीत काढली आणि त्याच सभेत, त्याच ठरावानं कोंडाजीलाही. निरोप मोठा हृद्य झाला. हार एकच आणला होता. तो आधी बसला घातला, फोटो काढला आणि मग कोंडाजीला घातला. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल काय द्यावं यावर मंडळानं खोल विचार केला आणि बसच कोंडाजीला देऊन टाकली. एका दगडात दोन अडगळी गेल्या म्हणून मंडळानं चहा घेतला.

कोंडाजीला मात्र मनापासून आनंद झाला. त्याला घर नव्हतं. होतं ते धरणाखाली गेलं, तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. त्या पाण्याची वीज होते आणि ती घाट उतरून दूर शहरात जाते, काठावर कंदील जळतो. ही व्यवस्था अतिशय सुरळीत चालू असल्यामुळे तिच्याबद्दल अधिक लिहिण्याचं कारण नाही.

पौडच्या बाजारातल्या इब्राहिम मिस्त्रीनं बसचं घर करून दिलं. बाकं काढली, दोन ठेवली. मागच्या खिडकीपाशी चूल आली, तिच्या शेजारी उतरंड, औषधाच्या पेटीत देव बसले आणि टपावर कोंबड्या. जातं तेवढं ड्रायव्हरच्या मागे घट्ट बसवलं, कारण उतारावर ते पुढं यायचं. 'मुलांनी खिडकीबाहेर डोके काढू नये' ही पाटी राहू दिली. कोंडाजीची बायको सारजाबाई तिला रोज हळदकुंकू लावी. तिला वाचता येत नव्हतं, पण सरकारी अक्षर दिसतंय तर काही तरी चांगलंच असणार, असं तिचं मत होतं.

शिमग्यानंतर धरणाचं पाणी उतरतं आणि खालचा गाव वर येतो. भिंती नसतात, पण जोती असतात. लोक त्या गाळात चार महिने पीक काढतात आणि पाणी चढू लागलं की माळावर परततात. कोंडाजीनं बस खाली नेली आणि बापाच्या घराच्या जोत्यावर बरोबर उभी केली. तिथं चूल पेटली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं, की तो बराच वेळ स्टिअरिंगला धरून नुसता बसून राहिला. तो तिथं बसलेला असताना मार्च संपला आणि मार्चबरोबर शाळेनं उतरवलेला बसचा विमाही संपला.

माळावर परत जायचं तर थोडा तुकडा मोठ्या रस्त्याचा होता. त्या तुकड्यावर एक नवे हवालदार असत. ते कायद्याचे पक्के होते (नवे होते).

"इमा न्हाई तर गाडी रस्त्यावर न्हाई," हवालदार म्हणाले.

"रस्ता वलांडायचाय निस्ता."

"वलांडताना रस्त्यावरच असशील का न्हाई?"

कोंडाजी विम्यासाठी पुण्याला गेला.

विमा कंपनीची कार्यपद्धती आदर्श म्हणावी अशी होती. सकाळी मोटर विभाग उघडे. तिथं श्री. वझे बसत. जेवणाच्या सुट्टीनंतर वझे टेबलावरची पाटी उलटी करत आणि आग विभाग होत. दोन्ही विभागांचे संबंध थंड होते. सकाळचे वझे दुपारच्या वझ्यांकडे टपालानंच विचारणा करत आणि दुपारचे वझे सवडीनं उत्तर देत. हे गृहस्थ अत्यंत प्रामाणिक होते. त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही आणि कुणाचं काम केलं नाही.

मोटर विभागानं अर्ज तपासला आणि कळवलं, की ज्यात भाकरी थापली जाते ते वाहन नव्हे. चूल काढावी. कोंडाजी दुपारपर्यंत पायरीवर बसून आग विभागात गेला. तिथं सांगण्यात आलं, की जी वास्तू जागा सोडते ती घर नव्हे. चाकं काढावीत.

"सायेब, सकाळच्या सायबांनी चूल काढ म्हनून सांगितलं."

"मोटरवाल्यांना घरातलं काय कळतं?" वझे खिन्नपणे म्हणाले.

पुढच्या खेपेला अशी हरकत निघाली, की बसची नोंद विद्यार्थी वाहतुकीसाठी आहे, तर विद्यार्थी दाखवावेत. हे मात्र जमण्यासारखं होतं. मुळशीत तेव्हा मोठ्यांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. सारजाबाईनं नाव घातलं आणि कोंडाजीनं विद्यार्थी दाखवला. मोटर विभागानं विचारलं, विद्यार्थिनीला बसनं घरी पोचवण्याचं अंतर किती? कोंडाजीनं खरं ते सांगितलं, की ती बसमध्ये चढली की घरी पोचते. वझ्यांनी यावर दोन आठवडे विचार केला. ज्या प्रवासाला सुरुवात होताच तो संपतो, त्यात अपघात कधी होणार हे ठरवता येईना. शेवटी त्यांनी जागेवर पाहणी करण्याचं ठरवलं.

ते आले तेव्हा मृग लागून गेला होता. गाळपेरीची माणसं केव्हाच वर गेली होती. पाणी बसच्या पुढच्या चाकांपर्यंत आलं होतं, आणि कोंडाजीला रात्ररात्र झोप नव्हती. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. एकाच जोत्यावर, एकाच पाण्यात, एका माणसाचं घर दोनदा बुडणार होतं.

वझ्यांनी छत्री मिटली, बूट काढले (घर म्हणून), मग पुन्हा घातले (वाहन म्हणून) आणि आत गेले. जातं पाहून त्यांनी 'वाहनात दुसरे यंत्र आढळले' असं टिपून घेतलं. निर्णय होईपर्यंत बस आहे तिथून हलवू नये, असं बजावलं.

"आवो, पर निर्नय हुईस्तवर पान्यानं काय करायचं?" सारजाबाईनं विचारलं.

"पाण्याचा अर्ज आमच्याकडे नाही," वझे म्हणाले. यात चेष्टा नव्हती. त्यांना ती येत नसे.

निर्णय मात्र लवकर आला, कारण या वेळी दोन्ही विभागांचं प्रथमच एकमत झालं होतं. 'सदर वस्तू वाहन नाही व घरही नाही. सबब विमा नाकारला आहे.' कोंडाजी तो कागद हातात धरून हवालदारांपुढं उभा राहिला. तोवर पाणी पायरीला लागलं होतं.

हवालदारांनी कागद दोनदा वाचला. "वाहन न्हाई म्हंत्यात."

"व्हय."

"मंग इमा कशाला पायजे? वाहन न्हाई ते रस्त्यावर आलं तर माझं काय जातंय? फकस्त इंजान लावू नगंस. लावलंस की वाहन हुतंय."

गावानं बैल जोडले. सारजाबाईला उतरायला सांगितलं, तर ती चुलीपुढून हलेना. "पयलं घर बुडालं तवा सासूबाई चूल इजवून भाईर पडल्या व्हत्या," ती म्हणाली. "म्या न्हाई इजवायची." तेव्हा चुलीसकट, कोंबड्यांसकट आणि विद्यार्थिनीसकट बस चिखलातून वर निघाली. चुलीचं धुराडं मागून धूर सोडत होतं आणि पुढं बैल होते. मोठ्या रस्त्याच्या चढावर बैल अडले, तेव्हा हवालदारांनी टोपी काढून कोंडाजीच्या हातात दिली, म्हणजे ते तिथं नव्हते, आणि मागून खांदा लावला. बस माळावर पोचली. कोंडाजीनं हातब्रेक ओढला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढच्याच महिन्यात पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. वझ्यांचं घर नदीकाठच्या पेठेत होतं. ते आणि त्यांची माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. घर गेलं. सगळं शांत झाल्यावर वझ्यांनी आपल्याच कंपनीत अर्ज केला आणि कार्यपद्धतीप्रमाणे तो जागेवर तपासण्यात आला. उत्तर असं होतं: 'नमूद ठिकाणी घर आढळले नाही. जागा सोडणारी वास्तू घर नव्हे, असा आग विभागाचा पूर्वीचा निर्णय आहे (निर्णय देणारे अधिकारी: श्री. वझे). वास्तू चालती असल्याने मोटर विभागाकडे अर्ज करावा.' वझे नियमाचे माणूस. त्यांनी तोही केला. मोटर विभागात आता दुसरे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, चाकं किती?

श्रावणात वझे मुळशीला आले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. ते बसच्या पायरीशी घुटमळले. बूट काढावेत की नाही हे या वेळी त्यांना ठरवता आलं नाही. सारजाबाईनं त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि चुलीपाशी बसवलं. त्यांनी चहा घेतला. नोकरी लागल्यापासून दुसऱ्याच्या घरचा हा त्यांचा पहिलाच चहा.

कोंडाजीनं त्यांना सगळं घर दाखवलं. शेवटी हातब्रेकवर हात ठेवून त्यानं काळजीनं विचारलं, "सायेब, तुमच्या घराला ह्ये न्हवतं व्हय?"

वझ्यांनी सवयीनं पेन्सिल काढली आणि टिपून घेतलं: 'नव्हते.'

वाचकहो, आपण हे वाचत आहात ते घर पक्कं आहे, यात आम्हाला शंका नाही. पत्ता कायम आहे, कागद कपाटात आहेत आणि डोक्यावरचा दिवा कुणाच्या तरी जोत्यावरून आलेल्या पाण्यावर झकास जळतो आहे. तेव्हा कोंडाजीला खुशाल हसावं. फक्त हसून झाल्यावर जरा उठून बघावं, ब्रेक कुठं आहे ते.