शेंदराखालचा पंचविसावा

खोटं कार्ड मला फसवू शकत नाही, हे मी त्या काळी कोणी न विचारताही सांगत असे. रसायन घेऊन बी.एस्सी. झालो होतो, कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि उरलेल्या वेळात पैलवान जमवत होतो. लढाईच्या आधी चंद्रमुखी बिडीच्या पुड्यात एकेका पैलवानाचं रंगीत कार्ड निघायचं. एकूण पंचवीस. कारखाना बुडाला, बिड्यांचा धूर झाला, कार्डं राहिली. पुढे गावात शौकीन वाढले, तशी खोटी कार्डंही निघाली. पैलवान तोच, लंगोट तोच, फक्त कागद कालचा.

माझी पद्धत साधी होती. भिंगातून खऱ्या कार्डावर शिळाछापाचे वेडेवाकडे कण दिसतात, खोट्यावर कवायतीला उभे राहिल्यासारखे ठिपके. मग कोपऱ्यावर हिराकशीच्या पाण्याचा थेंब टाकायचा. जुनं दिसावं म्हणून कार्ड चहात उकळलं असेल तर तो काळा पडतो. माझा मित्र अंबादास याच नादातला. त्याची चार कार्डं मी अशी काळी केली होती आणि तो ते विसरला नव्हता.

"तुझ्याकडे तरी पंचविसावं कुठंय?" एवढंच तो म्हणे.

पंचविसावं म्हणजे सयाजी पैलवान, खांद्यावर गदा. छापता छापता दगड फुटला म्हणून ते फार थोडं निघालं. ते पाहिलेला माणूस मला भेटला नव्हता. पाहिलेल्या माणसाला ओळखणारे पुष्कळ भेटले.

मी मंगळवार पेठेत धोंडुबाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. एकदा दूध घ्यायला आत गेलो, तर देवळीत फळीवर चिकटवलेला मारुती. शेंदूर बोटभर जाड. वर गदेचा गोळा तेवढा दिसत होता आणि खाली कोपऱ्यात छापील आकडा: २५.

मारुतीला नंबर नसतो.

"हा मारुती कुठला हो?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"मालकांनी आणलाय की," धोंडुबाई म्हणाल्या. "लगीन झालं त्या साली. ह्यांच्या खिशात गावला मला. देवळात वाटत हुतं म्हणं."

मालक, म्हणजे हंबीरराव, जोरात खोकले आणि मला गोठ्यात घेऊन गेले.

"मास्तर, तिच्या बानं अट घातलीती. जावई बिडी वडणारा नगं. मी शपथ घेतलीती. आन् आठ दिसांत तिला खिशात ह्ये गावलं. गदा बघून माझ्या तोंडातनं मारुती निघालं. तिला वाचाय येत न्हाई."

"मग?"

"मग काय? तवापास्नं शनवार धरतोय."

"आणि बिडी?"

"ती हितं," ते म्हणाले आणि वैरणीकडे बोट दाखवलं. "तिला कळलं तर ती जाईल माहेराला. म्हशीबी तिच्याच माहेरच्या हायत."

मी त्यांना योजना सांगितली. शेंदराच्या तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळायचं. दोन-तीन दिवसांत कवच सैल होईल. शनिवारी धोंडुबाई दूध घालायला गेल्या की पैलवान माझा आणि त्याच्या जागी बाजारातला खराखुरा मारुती. पुरावाही जाईल. हंबीररावांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी अंबादासला शनिवारी सकाळी भिंग घेऊन यायला सांगितलं.

टर्पेंटाइनला वास असतो, ही गोष्ट बी.एस्सी.ला शिकवतात. मला ती आठवली नाही.

"मास्तर, देवाला कसला ओ वास ह्यो?" धोंडुबाईंनी शुक्रवारी विचारलं. मी बाटली हातात धरून देवळीसमोर उभा होतो.

"कवच," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं. "मारुती कवच सोडणार आहे."

शनिवारी सकाळी दार उघडलं तर गल्ली भरलेली. नारळांचा ढीग, शेजारच्या तालमीतले पैलवान अंघोळ करून ओळीनं उभे आणि कुठूनसा एक ताशेवालाही. धोंडुबाई नवं लुगडं नेसून सर्वांना आत घेत होत्या. दूध घालायला त्यांनी भाच्याला पाठवलं होतं. हंबीररावांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. सर्वांत मागे अंबादास, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात हिराकशीची बाटली.

"मास्तर, तुमी म्हणालासा तसंच झालं," धोंडुबाई म्हणाल्या. "आता तुमीच फुडं व्हा."

मी पुढे झालो. रसायनानं आपलं काम चोख केलं होतं. माझं बोट लागायच्या आतच वरचा पापुद्रा सुटला आणि अर्धी मिशी दिसली. झुबकेदार, टोक वर वळवलेली.

"मारुतीला मिशी?" एक म्हातारा म्हणाला.

ताशा थांबला. मिशीखाली छाती होती आणि छातीखाली, संचातल्या प्रत्येक कार्डावर असतात तशी, ठळक अक्षरं: चंद्रमुखी बिडी. तालमीतल्या निम्म्या पैलवानांना वाचता येत होतं. धोंडुबाईंनी मिशीकडे पाहिलं, मग हंबीररावांकडे. हंबीररावांनी माझ्याकडे. चोवीस कार्डं माझ्या पेटीत होती आणि पंचविसावं माझ्यापासून वीतभर अंतरावर.

मी शेंदराची वाटी उचलली आणि मूठभर शेंदूर मिशीवर थापला. मग छातीवर. मग अक्षरांवर, आणि शेवटी, डोळे मिटून, २५ वर.

"देव उघडा बघू नये," मी म्हणालो.

गर्दीला ते पटलं. ताशा पुन्हा सुरू झाला, नारळ फुटले. "एवढं शिकून बी देवाला मानतोय बघा," धोंडुबाई शेजारणीला म्हणाल्या आणि दर शनिवारचं तेल त्यांनी माझ्याकडेच लावून दिलं. हंबीरराव न सांगता गोठ्यात गेले. थोड्या वेळानं वैरणीमागून धूर दिसला.

अंबादासनं मला दारातच गाठलं.

"त्र्यंबक, तो सयाजी पैलवानच होता?"

"होता."

"खरा?"

"खरा."

"भिंग लावलंस? थेंब टाकलास?"

"नाही."

"मग कशावरून?"

मी कोपरापर्यंत शेंदरानं माखलेला होतो.

"श्रद्धा ठेवावी लागते," मी म्हणालो.

चहात उकळलेल्या कार्डाकडे मी जसं पाहतो, तसं अंबादासनं माझ्याकडे पाहिलं.