वाटीत वाटी

गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे नाना रोज जेवण झालं की मोरीत उकिडवे बसून खरकट्या भांड्यांची पंगत मांडत. घासायला सखूबाई यायची, पण तिच्यासाठी भांडी कशी ठेवायची हे खातं नानांचं. मोठी पातेली मागे, ताटं भिंतीला तिरकी, दुधाचं भांडं तेलकटाच्या पंक्तीला अजिबात नाही. वाट्या सुट्या आणि पाणी भरून. "वाटीत वाटी अडकली की ती बाई सोडवत बसणार नाही. बाहेरून राख फासणार आणि मोकळी होणार! आत शिरायला वाट नको?" हे पालुपद साऱ्या चाळीला पाठ होतं.

आणि नानांच्या पत्नी, माई, नेमक्या वाटीत वाटी घालायच्या. "आमटीच होती, विष नव्हतं," म्हणत पदर खोचून चालत्या व्हायच्या. त्या हे मुद्दाम करत असाव्यात. एरवी नाना त्यांच्याशी बोलायचे तरी कधी?

संयुक्त महाराष्ट्रासाठी चाळीतल्या बायका सत्याग्रहाला निघाल्या, त्यांत माईही होत्या. खाली घोषणा सुरू झाल्या. माई जिन्याशी पोचल्या तोच नाना मोरीतून ओरडले, "अगं, या वाट्या आधी सुट्या कर, मग जा कुठं जायचं ते!"

माईंनी एकदा वळून पाहिलं आणि त्या जिना उतरल्या. संध्याकाळी कळलं, सगळ्यांना पकडून तुरुंगात नेलंय.

एकात एक अडकलेल्या त्या दोन वाट्यांना नाना सखूबाईला हात लावू देईनात. मुंग्या लागल्या तेव्हा मी म्हटलं, "नाना, टाका की आता घासायला."

"राहू दे रे. तिनं ठेवल्यात," ते म्हणाले. "जाताना 'सांभाळून जा' म्हणायचं, तर मी वाट्यांचं काढलं. काय माणूस आहे मी!"

मला फार वाईट वाटलं. त्यांना हसण्यात आमची निम्मी करमणूक व्हायची.

सुटकेची बातमी आली तेव्हा नानांनी त्या वाट्या स्वतःच घासल्या. माई आल्या त्या पार वाळून. दुपारी मी विचारपूस करायला गेलो, तर त्या मोरीत भांडी ठेवत होत्या. ताटं तिरकी, दुधाचं भांडं लांब, वाट्या सुट्या, पाणी भरून.

"तुरुंगात अशीच ठेवायला लावायचे," त्या नानांना म्हणाल्या. "तुमचंच बरोबर होतं हो."

एवढं ऐकण्यासाठी नानांनी संसारभर घसा कोरडा केला होता. आता ते उठून मोरीशी आले. मग वाकले, एका वाटीतलं पाणी ओतलं आणि ती दुसरीत घट्ट दाबून बसवली.

"असू दे गं," ते म्हणाले. "सखूबाई सोडवेल."