हातभर तारेची प्रतीक्षायादी

नवीन पनवेलच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत १९९३ साली एक जोडणी झाली. तिच्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता, ओळख काढली नव्हती, कोणाला साधं चहापाणीही दिलं नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

वसुंधराचा भाऊ उदयसिंह मस्कतहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने भाच्यांसाठी व्हिडिओ गेमची दोन यंत्रं आणली. हातात मावेल एवढं, राखाडी रंगाचं, पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र. हिरवट पडद्यावर वरून विटा पडायच्या आणि त्या ओळीत बसवायच्या. सोबत एक हातभर तार होती. ती दोन यंत्रांना जोडली की दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता यायचं. इकडच्याने ओळी साफ केल्या की तिकडच्याची भिंत वर चढायची. भाचे पुण्याला होस्टेलवर होते, त्यामुळे यंत्रं आईबापांच्या ताब्यात आली.

वसुंधराचा नवरा कमळाकर सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि सरकारी नोकरीत होता. लोकांना टेलिफोनच्या जोडण्या देण्याचं त्याचं खातं होतं, म्हणजे मुख्यतः न देण्याचं. घरी आला की तो गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचा. दिवसभर ‘तुमचा नंबर अजून आलेला नाही’ हे एकच वाक्य बोलून त्याची जीभ शिणत असावी, कारण घरात तो ‘मीठ’ आणि ‘दिवा घालव’ याखेरीज फारसं काही बोलत नसे. लग्नाला वीस वर्षं झाली होती. वसुंधराने मनाची समजूत घातली होती.

पण तार हातभरच होती. खेळायचं तर कमळाकरला गॅलरी सोडून ट्यूबलाइटखाली, बायकोच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागे. पहिल्या दिवशी तो हरला आणि म्हणाला, “तू चीटिंग करतेस.” दुसऱ्या दिवशी पुन्हा हरला आणि चक्क हसला. वसुंधराला विटांचं काही पडलेलं नव्हतं. ती दुपारपासून संध्याकाळची वाट बघू लागली, नवी साडी नेसू लागली आणि अधूनमधून मुद्दाम हरू लागली.

अशाच एका संध्याकाळी समोरच्या आशालताबाई वाटी परत करायला आल्या. त्यांनी तार बघितली. वसुंधराने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. हा खेळ आहे, ही दोन यंत्रं, ही त्यांना जोडणारी तार, बाकी काही नाही.

“कळलं,” आशालताबाई म्हणाल्या. “आणि भाऊजी, याला नंबर लावावा लागतो का?”

कमळाकर खोटं बोलणारा माणूस नव्हता. नियमाबद्दल विचारलं की तो सावधपणे बोलत असे. तो म्हणाला, “अजून तरी नाही.”

त्या ‘अजून तरी’ने सगळी बिल्डिंग जागी झाली. दिवेलागणीला जिन्यात रांग होती. पहिल्या नंबरवर आशालताबाई, मग तळमजल्यावरचा बाळू, तळोज्याच्या कंपनीतली शिफ्ट बदलून आलेला.

“अहो, हा खेळ आहे,” वसुंधरा दारातून म्हणाली. “तुमच्याकडे यंत्रच नाही. तार घेऊन काय करणार?”

“यंत्र काय, नंतर घेता येईल वहिनी,” बाळू म्हणाला. “नंबर मागून मिळत नाही.”

कमळाकरने रांग बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर ऑफिसातलं तेज आलं. समोर रांग असताना खिडकी बंद ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, उघडी ठेवणंही नव्हतं. त्याने दार अर्धं उघडं ठेवलं आणि नावं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी रोडपालीचा भगवानशेठ आला. “सायेब, कॉलनीसाठी जमीन आमची गेली. आमाला कोटा पायजे.”

“कशात?”

“तुमी जा काय देताव त्याच्यात. कसला हाय ता मंग बगू.”

मागणी रास्त होती. प्रकल्पग्रस्तांचा कोटा झाला, ज्येष्ठ नागरिकांचा झाला, बदली होऊन आलेल्यांचा झाला. उरणहून लोक डबा घेऊन यायला लागले. एका स्थळाच्या बायोडेटात ‘स्वतःचा फ्लॅट, तारेसाठी दुसऱ्या पानावर नंबर’ असं आलं आणि ते लग्न जमलंही.

मग सर्वसाधारण सभेत बाळूने विचारलं, “नंबर नसताना सेक्रेटरींच्या घरी तार चालू कशी?”

कमळाकर उभा राहिला. तो प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाशी संसार करणं किती अवघड असतं ते वसुंधराला त्या दिवशी कळलं. त्याने जोडणी अनियमित असल्याचं मान्य केलं, स्वतःला नोटीस दिली, स्वतःचा खुलासा असमाधानकारक ठरवला आणि घरी येऊन तार काढून कपाटात ठेवली. यादीच्या शेवटी त्याने बायकोचं नाव लिहिलं.

“मग आता संध्याकाळी आपण काय करायचं?” तिने विचारलं.

“वाट बघायची,” तो म्हणाला आणि गॅलरीत गेला.

वसुंधराचा जीव तुटला. तिने तीन महिने कळ काढली. मग एका दुपारी कपाटातून तार काढली, एक यंत्रही घेतलं आणि आशालताबाईंची बेल वाजवली. पहिला नंबर सरकला तर दुसरा सरकेल, कधीतरी आपलाही येईल, असा तिचा साधा हिशोब होता.

“ही घ्या तार. यंत्रही घ्या. पहिला नंबर तुमचा.”

आशालताबाई दोन पावलं मागे सरल्या. “वेड लागलंय का वहिनी? तार घेतली तर माझा नंबर जाईल. पहिला नंबर आहे म्हणून वाण्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे मान देतात. तार घेऊन काय, विटा पाडत बसू?”

दुसऱ्या नंबरचा बाळू दार उघडेना. भगवानशेठने निरोप धाडला, “कोटा ऱ्हाऊ दे, तार नको.”

त्या संध्याकाळी वसुंधरा ट्यूबलाइटखाली एकटीच खेळली. आपल्या ओळी साफ झाल्या की कोणाची तरी भिंत चढायला हवी, ती चढत नव्हती. गॅलरीतून कमळाकर म्हणाला, “दिवा घालव.”

यादी अजून उघडी आहे. काय एकेक माणसं, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. पण मघापासून वाचताना, आता कितवा नंबर चालू असेल, असं तुमच्या मनात एकदा जरी येऊन गेलं असेल, तर लाजायचं कारण नाही. वसुंधराच्या मागे उभे राहा. आणि तुमच्या मागे जो येईल, त्याला कसली रांग आहे ते तेवढं तुम्हीच समजावून सांगा.