विश्वासार्ह चौकोनाची निवड

भूकंप झाल्यास सभासदांनी कोणत्या मैदानावर जमावं, हे कळवण्यासाठी क्यूआर कोड बनवावा, असा ठराव टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या महाराष्ट्र मंडळाने एप्रिलमध्ये एकमताने मंजूर केला. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा आठ वर्षं उलटली होती, त्यामुळे मंडळाने घाई केली असं कोणी म्हणू शकलं नसतं. कोड फुकट बनवून देणाऱ्या साइट इंटरनेटवर शेकड्यांनी होत्या. त्यातली विश्वासाची कोणती, हे ठरवायला उपसमिती नेमणं भाग होतं. तिचा निमंत्रक म्हणून सचिव विनय बेहेरेचं नाव पुढे आलं, कारण तो त्या सभेला हजर नव्हता.

विनय मध्य टोकियोतल्या एका बँकेत होता. सकाळी सातला तो ट्रेनमध्ये कोंबला जायचा, तो रात्रीच घरी उगवायचा. बायको-मुलं पुण्याला होती. घरात दिवसभर आई एकटी. कुमुदिनीबाई, वय एकाहत्तर, मुक्काम तीन महिने, मजला सातवा, जपानी शून्य. पहिल्याच आठवड्यात कपाटातल्या बश्या आपोआप वाजल्या आणि तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला.

"अरे, जमीन हलली तर मी जायचं कुठे? मैदानाचं नाव कागदावर लिहून दे. फ्रिजवर लावते."

"आई, असं कागदावर लिहून देता येत नाही. अधिकृत कोड येतोय. दोन आठवडे कळ काढ."

"भूकंप काढणारे का कळ?"

हा मुद्दा उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

उपसमितीत उत्तरा साने ही मुलगी होती. ती सेंदाईच्या विद्यापीठात संगणकशास्त्रात पीएचडी करत होती आणि बैठकीला व्हिडिओवर हजर असायची. मंडळात एकशेदहा आयटीवाले होते, पण ते सगळे कामात होते. मैदानाची माहिती वॉर्ड ऑफिसच्या साइटवरून तिनेच काढली होती. ती कोणी वाचली नाही, कारण मजकूर हा विषयच नव्हता.

"साधा कोड मी आत्ता बनवून देते," उत्तरा पहिल्याच बैठकीत म्हणाली. "नुसती अक्षरं चौकोनात बसवायची. मध्ये कंपनी नाही, नोंदणी नाही. तो कधी बंदही पडत नाही."

अध्यक्ष नंदकिशोर गद्रे यांनी चष्मा काढला. एका जपानी व्यापारी कंपनीत बावीस वर्षं काढलेला हा माणूस नावामागे आदराचं 'सान' लावल्याशिवाय बोलत नसे. "साने-सान, उद्या काही चुकलं तर पत्र कोणाला लिहायचं?"

"चुकण्यासारखं त्यात काही नाहीये, काका."

"म्हणजे जबाबदार कोणीच नाही. मग विश्वास ठेवायचा कोणावर?"

विनयला उत्तराचं म्हणणं पटलं होतं. पण तो गप्प बसला. बँकेत अकरा वर्षं टिकलेल्या माणसाला गप्प कधी बसायचं ते कळतं.

सहा बैठकांनंतर एक साइट निवडण्यात आली. तिच्या नियम-अटी एकेचाळीस पानांच्या होत्या. इतकं लिहिणारी कंपनी लबाड असणार नाही, यावर सर्वांचं एकमत झालं. पाचव्या पानापलीकडे कोणी गेलं नाही. उत्तराने चाचणी योजनेत कोड बनवला. आणि चाचणी फक्त चौदा दिवस चालते, असं पहिल्याच ओळीत लिहून तो पाठवला. गद्रेकाकांनी 'आभारी आहे' असं उत्तर दिलं.

आता मंजुरी. जपानी ऑफिसांच्या रिवाजाप्रमाणे कार्यकारिणीतल्या नऊ जणांनी एका कागदावर आपापला गोल शिक्का मारायचा, तोही ज्येष्ठतेच्या क्रमाने, आणि कनिष्ठाने आपला शिक्का जरासा कलता मारायचा, म्हणजे तो वरिष्ठाला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. कोषाध्यक्षांचा शिक्का ताठ पडला. कागद पुन्हा पहिल्यापासून फिरला. नववा शिक्का बसला तो तेराव्या दिवशी.

चौदाव्या दिवशी कोड लॅमिनेट करून, बरेच सभासद राहत होते त्या विनयच्याच इमारतीच्या प्रवेशद्वारात लावला आणि त्याचा फोटो ग्रुपवर गेला. खाली सुरक्षेची सूचना होती: 'गैरवापर टाळण्यासाठी हा कोड प्रत्यक्ष भूकंप झाल्यावरच स्कॅन करावा.' सभासद शिस्तीचे. कोणी बोट लावलं नाही.

भूकंप सोळाव्या दिवशी दुपारी अडीचला आला. फार मोठा नव्हता, पण गाड्या बंद पडल्या, लिफ्ट थांबल्या, आणि आईचा फोन लागेना. विनयने बॅग उचलली आणि चालायला लागला. तीन तास चालला. वाटेत त्याने ग्रुपवरच्या फोटोतला कोड स्कॅन करून पाहिला. 'तुमची चाचणी संपली आहे. पुढे चालू ठेवण्यासाठी योजना निवडा.' योजना तीन होत्या. मधलीवर 'सर्वाधिक पसंती' असं लिहिलं होतं.

सात मजले चढून तो धापा टाकत घरी पोचला. दार उघडं, आई नाही. तो तसाच खाली धावला. वर जाताना त्याने ज्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं ती चाळीस मराठी माणसं प्रवेशद्वारात त्या कोडसमोर फोन धरून रांगेत उभी होती.

"आई दिसली का कोणाला? मैदान कुठलं आहे आपलं?"

कोणालाच माहीत नव्हतं. गद्रेकाका तिसऱ्या नंबरावर होते. ते म्हणाले, "बेहेरे-सान, निमंत्रक तुम्ही. आम्ही तुमच्या भरवशावर."

विनयला तिथेच रडू फुटायची पाळी आली. पाच मिनिटांचं काम होतं, मेल्या, एक ओळ लिहायची होती, असं तो स्वतःलाच म्हणाला. उत्तराला फोन लागत नव्हता. शेवटी इमारतीचा म्हातारा वॉचमन त्याच्या दंडाला धरून बाहेर घेऊन गेला आणि त्याने फुटपाथवरच्या हिरव्या पाटीकडे बोट दाखवलं.

मैदान पलीकडच्याच चौकात होतं. प्राथमिक शाळेचं. कुमुदिनीबाई चटईवर तीन जपानी आज्यांच्या मध्ये बसल्या होत्या. हातात भाताचा गोळा, खांद्यावर कोणाची तरी शाल.

"आई! तुला कसं कळलं गं?"

"पाटीवर पळणारा माणूस काढलाय की. तो जिकडे पळतोय तिकडे मीही निघाले. तू कुठे होतास?"

विनयने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि भर मैदानात हुंदके दिले.

पुढच्या सभेत कोणी कोणाला दोष दिला नाही. हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस कोणी काढला याची मंडळाकडे नोंद नसल्याने तिच्या विश्वासार्हतेची तपासणी करण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली. तोपर्यंतचं परिपत्रक विनयने लिहायचं ठरलं. त्याने मुकाट्याने अकरा परिच्छेद लिहिले. सातव्यात, मुद्दाम, एक वाक्य घातलं: 'पुढील आदेशापर्यंत सभासदांनी जमीन हलत असताना आपल्या आईवडिलांना घरात कोंडून बाहेरून कुलूप लावावं.'

परिपत्रक सकाळी नऊला ग्रुपवर पडलं. दुपारपर्यंत त्यावर तीनशे बारा अंगठे आले, सहा जोडलेले हात आणि एक 'छान उपक्रम'. हरकत एकाचीही नाही. विनयने रात्री बसून सगळी नावं वाचली. वाचकहो, तुमचं नाव दुसऱ्याच ओळीत आहे.